जावयाला कोण विचारणार

तुम्ही आमच्या नात्यातले नाही, सोसायटीतले नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. जे सांगणार आहे ते मी देवापुढेसुद्धा कधी धड शब्दांत बोललेले नाही. तिथेही आपले हात जोडते, 'तुला माहीतच आहे' असं पुटपुटते आणि निरांजन लावून मोकळी होते. देव बरा, उलट विचारत नाही.

मला ओळखणारी माणसं मला धीट समजतात. पाण्याचा टँकर दुसऱ्या विंगला वळवला म्हणून मी सेक्रेटरीला भर मीटिंगमध्ये उभा-आडवा घेतला होता, ते ठाण्यात, आमच्या नौपाड्यात, अजून सांगतात. आई तर कौतुकाने म्हणायची, माझा मोठा मुलगा म्हणजे मेधाच. मिलिंद, माझा भाऊ, धाकटा आणि मऊ. शाळेत कुणी त्याची पट्टी पळवली तर परत आणायला मी जायचे. म्हणजे बघा, भ्यायचा हक्कच मला कुणी ठेवला नव्हता — छे! लागले लगेच सबबी द्यायला. ते वाक्य खोडलं असं समजा.

करोना ओसरल्यानंतर मिलिंद आजारी पडला. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि लिव्हर निकामी. आधी नुसता थकवा, मग पाय सुजले, पोटात पाणी झालं, डोळे पिवळे. ठाकुर्लीला त्याच्या घरी गेलं की बोलता बोलता हरवायचा. टीव्हीचा रिमोट हातात धरून, हे काय असतं, असा बघत बसायचा. डॉक्टर म्हणाले, लिव्हर बदलावं लागेल. गेलेल्या माणसाचं मिळेल म्हणून नाव नोंदवा, पण त्या भरवशावर राहू नका. घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर वाचेल. देणाऱ्याचं परत वाढतं.

घरातलं म्हणजे कोण? आई म्हातारी, बीपीची. स्वाती, म्हणजे मिलिंदची बायको, होती — पण त्यांची ओवी तेव्हा एवढीशी. आई-बाप दोघंही एकाच दिवशी टेबलावर, ही कल्पनाच कुणाला सोसेना. राहिले मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही हो. मीच म्हणाले, सगळ्यांच्या देखत, चहाचा कप दाणकन खाली ठेवून — "रडताय काय, मी आहे ना!" आईने माझा हात घेऊन कपाळाला लावला. त्या क्षणी मला किती छान वाटलं होतं, काय सांगू.

मग रक्त तपासलं. मिलिंदचा गट ओ, माझा बी. ओ-वाल्याला दुसरं कुठलं चालत नाही, एवढं मलाही माहीत होतं. लॅबमधल्या मुलीने सांगितलं, जुळत नाही, आणि मी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले. स्वाती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं, भावासाठी रडतेय. मला सुटल्यासारखं झालं होतं, म्हणून रडत होते मी. हे तुम्हाला पहिल्यांदा सांगतेय. पण हे नव्हे ते. ते अजून पुढे आहे.

कारण डॉक्टर म्हणाले, जुळत नसेना का, करतो आता आम्ही. मिलिंदच्या रक्तात माझ्या गटावर धावून जाणारं जे काही असतं, ते आधी इंजेक्शन देऊन दाबायचं, मग मशीनवर रक्त फिरवून गाळून काढायचं, आणि मग ऑपरेशन. धोका जरा जास्त, नंतर जपावंही जास्त लागतं, पण माणसं चांगली जगताहेत. आई डॉक्टरांसमोर हात जोडून उभी राहिली. मी मान हलवत होते — हो, हो, वा, छानच की. एक दार बंद झालं म्हणून जरा टेकावं, तर या बाबाने ते पुन्हा उघडून ठेवलं!

घरी येऊन सतीशला सांगितलं. सतीश माझा नवरा. नौपाड्यात त्याचं चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. तो नाही म्हणेल अशी मला आशा होती. नवरे म्हणतात ना? 'वेडी आहेस का, तुला काही झालं तर?' — असं एकदा, नुसतं एकदा म्हणाला असता तर मी त्याच्या गळ्यात पडले असते. आणि तो काय म्हणाला? चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "तुझा भाऊ आहे. मी कोण नाही म्हणणार? दुकान मी बघतो कसं ते. तू घाबरू नकोस." दुसऱ्या दिवशी त्याने पलंग हॉलमध्ये आणून लावला, मला बाथरूम जवळ पडावी म्हणून. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऑपरेशननंतर मला खुर्चीत बसवून वर कसं न्यायचं, ते त्याने दुकानातल्या दोघांना सांगूनही ठेवलं. असा तो.

सगळ्या तपासण्या झाल्या. माझं लिव्हर अगदी उत्तम निघालं. मेलं कशाला एवढं उत्तम निघायचं?

मग त्या हॉस्पिटलमध्ये एक बाई होत्या, देणाऱ्याशी एकट्याशी बोलणाऱ्या. तशी पद्धतच असते त्यांच्यात. घरच्या सगळ्यांना बाहेर बसवतात. त्या मला म्हणाल्या, "मनात नसेल तर इथेच सांगा. आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगू की तुमचं बसत नाही. कारण कुणाला कळणार नाही, कधीच." म्हणजे बघा. दार नुसतं उघडं नव्हतं, दारात पायपुसणं घालून ठेवलेलं. एक वाक्य बोलायचं होतं — मला भीती वाटते. आणि ते मला त्या अनोळखी बाईसमोर बोलता आलं नाही. तिला मी भित्री वाटेन म्हणून! जिला मी पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हते, तिच्यासमोर मला माझा रुबाब सांभाळायचा होता. मी हसून म्हणाले, "भाऊ आहे माझा. विचारायचं काय त्यात?" त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आता मिस्टरांना घेऊन या, त्यांच्याशी बोलावं लागेल, त्यांचीही सही लागते.

मिस्टरांची सही! रिक्षात बसेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. मी ते ठरवून केलं की आपोआप झालं? नाही — ठरवून. रिक्षा थांबवून मी आईला फोन केला आणि रडत म्हणाले, सतीश नाही म्हणतोय.

झालं. हे ते.

पण तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. आई म्हणाली, मी बोलते जावईबापूंशी, स्वातीला पाठवते. आणि मी म्हणाले — हे शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात — "नको, आई. त्याला काही विचारू नका. माझ्या संसारात आग लागेल." मला पक्कं ठाऊक होतं की एवढं म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो. जावयाला कोण विचारणार? विचारलं आणि त्याचा राग लेकीवर निघाला तर? मुलीकडची माणसं गिळतात आणि गप्प बसतात. लग्नात माझ्या सासरच्यांनी काही मागितलं नव्हतं, सतीशने कधी आवाज चढवला नव्हता, तरी आईला ते लगेच पटलं. पटावं असंच मी सांगितलं होतं ना! हॉस्पिटललाही फोनवर तेच सांगितलं.

आणि घरी सतीशला काय सांगितलं? की डॉक्टर म्हणाले, तुकडा पुरायचा नाही, माझं बसत नाही. त्या बाईने देऊ केलेली थाप, मीच वापरली, पण भलत्याच घरात. सतीशने मला जवळ घेतलं. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, तू तयार होतीस हे मिलिंदला माहीत आहे. आणि गुपचूप पलंग परत आत नेऊन लावला. मी त्याला बजावलं — ठाकुर्लीला हा विषय काढू नकोस, आईला फार लागतं. तो कशाला काढतोय? दोन्हीकडची तोंडं मी अशी शिवून टाकली.

मग स्वाती पुढे आली. तिचा गट ए, म्हणजे तोही न जुळणारा. त्यातून तिच्या लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा. ती पहाटे उठून ठाकुर्लीच्या रस्त्यांवर तरातरा चालायची, उकडलेल्या भाज्या खायची, आणि तोवर मिलिंद खालावत गेला. एकदा तर तो बेशुद्धीत गेला आणि दोन दिवस कुणाला ओळखेना. आई त्याच्या उशाशी बसून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, कळलं हिला. पण तिच्या डोळ्यांत माझी कीव होती — बिचारी मेधा, कुठल्या घरात पडली!

शेवटी स्वातीचाच तुकडा बसवला आणि मिलिंद वाचला. आज ठणठणीत आहे, ऑफिसला जातो, औषधं तेवढी आयुष्यभराची. पण स्वातीचं पित्त आतल्या आत गळत राहिलं, नळी लावावी लागली, महिनाभर पडून होती. ओवीला तिने तिच्या माहेरी ठेवलं. सतीश मला म्हणाला, आपल्याकडे का नाही ठेवली? मी रजा घेतली असती की दुकानातून. मी म्हणाले, अरे, तिला आजीची सवय आहे. थापा किती सहज येतात हो, एकदा सुरुवात केली की.

सतीश सूप घेऊन हॉस्पिटलात गेला तर आईने पदर सारखा करून तोंड भिंतीकडे वळवलं. तो घरी येऊन म्हणाला, दमल्यात आई. पुढे त्याला कळायला लागलं की हे दमणं नाही. तिचा चष्मा आमच्या लग्नापासून तोच करायचा, घरी नेऊन द्यायचा, नाकावर बसवून काड्या वाकवून द्यायचा. एकदा गेलो तर तिच्या नाकावर दुसराच चष्मा. डोंबिवलीत करून घेतला म्हणाली, माझ्याकडे बघून, त्याच्याकडे नाही. परत येताना तो म्हणाला, "काड्या घट्ट आहेत गं त्याच्या. कानामागे वळ उठलाय त्यांच्या." त्याला एवढंच दिसलं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

आणि अधिक महिना. तुम्हाला माहीत आहे, अधिकात जावयाला जेवायला बोलावून वाण देतात — तबक, दिवा, अनारसे. आई हौशी. आधीच्या अधिकांत तिने सतीशला पाटावर बसवून काय थाट केला होता! तो लाजून लाल व्हायचा. ऑपरेशननंतरच्या अधिकात बोलावणं आलं नाही. आईने अनारसे केले, कारण रीत मोडायची नव्हती, आणि ठाण्याला येणाऱ्या एका शेजाऱ्याच्या हाती प्लास्टिकच्या पिशवीतून पाठवून दिले. सतीशने पिशवी उघडली. बराच वेळ बघितलं. स्वतःच एक ताटली आणून त्यात ते मांडले. मग मला विचारलं, "मेधा, माझं काही चुकलं का गं त्यांच्याशी बोलताना? आठव ना." मी आठवल्यासारखं केलं. म्हणाले, छे रे, काहीतरीच तुझं.

तेव्हापासून माझं आयुष्य म्हणजे एक पहारा. कुणाच्या लग्नात, बारशात, सतीश आणि स्वाती एका बाजूला बसायला लागले की मी मध्ये खुर्ची घुसवते. मिलिंद त्याला घेऊन पान खायला निघाला की मला पण पान हवंच असतं. लोक हसतात, मेधाला नवऱ्याशिवाय करमत नाही म्हणतात. फोन वाजला, पडद्यावर ठाकुर्लीचं नाव आलं की आजही सतीशच्या आधी मीच धावून उचलते. जेवणात मीठ विसरते, गॅस चालू राहतो. कळेल, आज कळेल — एवढा एकच विचार. भावाची तब्येत कशी आहे, स्वातीचं पोट दुखतं का, हे सगळं त्याच्या नंतर. किती वाईट वाटतं हे सांगताना! पण तसंच आहे.

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिच्याजवळ एकटी होते. शुद्धीत होती. सतीश बाहेर बाकावर बसलेला, तिच्यासाठी नारळपाणी घेऊन. ती म्हणाली, त्याला म्हणावं, घरी जा. तेव्हा सांगू शकले असते. ओठांपर्यंत आलेलं. आलेलं का खरंच? की आता मला तसं वाटून घ्यायचंय? मी बाहेर गेले आणि सतीशला म्हणाले, आई झोपलीय, तू जा घरी.

या वर्षीच्या अधिकात स्वातीचा फोन आला. म्हणाली, ताई, आईंच्या मागे मी करणार वाण, भावोजींना घेऊन रविवारी या. मी नाना कारणं काढली. पण सतीशने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, येतो येतो, नक्की येतो. नवा शर्ट इस्त्री करून घेतला त्याने. त्याचं वय बघा, आणि तो उत्साह बघा.

स्वातीने पाट मांडला, रांगोळी काढली, त्याला ओवाळलं. तो लाजला, अगदी पूर्वीसारखा. जेवणं झाली. मी एक क्षणही हलले नव्हते हो. पण ओवीला तिचं कपाट दाखवायचं होतं, आत्या चल ना, चल ना, हात धरून ओढतच घेऊन गेली. मिलिंद वामकुक्षीला पडलेला. परत आले तर सतीश आणि स्वाती गॅलरीत उभे होते, तुळशीपाशी, काही न बोलता. मला बघून सतीश हसला. निघूया का, म्हणाला. रस्ताभर अनारशांचा डबा मांडीवर धरून बसला होता. एवढंच म्हणाला, "स्वातीच्या हाताला आईंची चव आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वातीचा फोन. तो दुकानात होता. ती म्हणाली, "ताई, रागवू नका, पण काल मी भावोजींना विचारलंच. इतकी वर्षं मनात ठेवून मलाच त्रास होत होता. म्हटलं, तेव्हा ताईंना का अडवलंत?"

घरात मी एकटीच, तरी उठून दाराला कडी घातली.

"आधी माझ्याकडे नुसते बघतच राहिले," स्वाती म्हणाली. "त्यांना काही कळलंच नाही असं वाटलं मला. मग खाली बघून म्हणाले, हो, घाबरलो मी तेव्हा. मेधा तयार होती, मीच अडवलं. चुकलं माझं. माझी माफी मागितली हो त्यांनी, हात जोडून! मला कसंतरीच झालं. म्हटलं, जाऊ दे भावोजी, आता सगळं नीट आहे ना. मी मनातून काढून टाकलं, ताई. तुम्ही पण टाका. माणूस वाईट नाही तो."

ऐकताय ना? त्याने तिथे उभ्या उभ्या सगळं ओळखलं असणार. पलंग, पिशवी, चष्मा, भिंतीकडे वळलेलं तोंड — सगळं एका दमात. आणि ते त्याने आपल्या अंगावर घेतलं, आणि माझ्याकडे बघून हसला.

आणि मी काय केलं? स्वाती फोनवर होती. जिच्या पोटावर तो व्रण आहे ती. एक वाक्य बोलायचं होतं, तेच जुनं. मी म्हणाले, "बरं केलंस गं, स्वाती. मन मोठं आहे तुझं."

संध्याकाळी सतीश आला. हात-पाय धुतले, रोजच्यासारखा माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून घेतला, पुसला, परत दिला. मग डबा उघडून एक अनारसा घेतला.

"स्वातीचा फोन आलेला?"

"हो."

"काय म्हणाली?"

त्याने वळून माझ्याकडे बघितलं नाही. थांबला मात्र. हातातला अनारसा तसाच हातात.

"काही नाही," मी म्हणाले. "अनारसे आवडले का, विचारत होती."

तो म्हणाला, "आवडले म्हणून सांग."

तेवढं मी सांगितलं.